किल्ली माक्लरच्या हाती

श्टुटगार्टमध्ये 2011 साली मी पहिलं भाड्याचं घर घेतलं तेव्हा घरमालकाचं तोंडही पाहिलं नव्हतं. मालकाने नेमलेला माक्लर आला, कुलूप उघडलं, पंधरा मिनिटांत दोन खोल्या, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराची उघडी भिंत दाखवली. इथे पुष्कळ घरांत भाडेकरू स्वतःचा ओटा, सिंक, कपाटं घेऊन येतो आणि जाताना सगळं उचकटून नेतो. नळाच्या नुसत्या पायपा भिंतीतून बाहेर आलेल्या बघून मी गोंधळले होते. त्यापेक्षा जास्त गोंधळले ते करारासोबत आलेलं बिल पाहून. घराचं मूळ भाडं, म्हणजे इथल्या बोलीत ‘काल्ट’, 700 युरो. माक्लरची प्रोविजन दोन महिन्यांचं भाडं आणि वर 19 टक्के व्हॅट. एकूण 1,666 युरो. त्याला बोलावलं मालकाने, त्याने काम केलं मालकाचं, आणि पैसे द्यायचे मी. तेव्हा ते पूर्णपणे कायदेशीर होतं.

माक्लर म्हणजे आपल्याकडचा एजंट, जुन्या भाषेत दलाल. परदेशात घर शोधणाऱ्या मराठी माणसाला इथल्या ज्या पहिल्या जर्मन माणसाची मर्जी सांभाळावी लागते, तो बहुतेक वेळा हाच. म्हणून या माणसाला काय येत असलं पाहिजे आणि त्याने कसं वागलं पाहिजे, याबद्दल जर्मन कायदा काय म्हणतो ते मी पुढे मुद्दाम वाचत गेले.

माक्लर होण्यासाठी जर्मनीत कुठलीच परीक्षा नाही, हे कळल्यावर माझा विश्वास बसेना. ज्या देशात फरशी बसवणाऱ्याला स्वतःचा धंदा काढायचा तर ‘माइस्टर’ची पदवी लागते, तिथली ही गोष्ट. फरशीवाल्यांची ती अट 2004 मध्ये काढून टाकली होती. कामाचा दर्जा घसरल्याची ओरड झाली आणि 2020 मध्ये ती परत आणली. न्हाव्याला माइस्टर लागतो, वीजतंत्र्याला लागतो, धुराडी साफ करणाऱ्याला लागतो. ते फरशी बसवलेलं, वायरिंग केलेलं, धुराडं साफ केलेलं अख्खं घर विकून देणाऱ्याला मात्र लागत नाही.

त्याला लागतो तो परवाना. व्यवसाय नियमन कायद्याच्या 34क कलमाखाली तो मिळतो आणि अर्ज आला की कार्यालय मुख्यतः दोन गोष्टी बघतं. एक, माणूस भरवशाचा आहे का: मागच्या पाच वर्षांत चोरी, अफरातफर, फसवणूक, खंडणी, बनावट कागदपत्रं, काळा पैसा पांढरा करणं अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेली असेल तर परवाना सहसा मिळत नाही. दुसरं, त्याची स्वतःची आर्थिक घडी नीट आहे का. दिवाळखोरीत निघालेल्याच्या हाती लोकांचे व्यवहार देत नाहीत. माणूस लबाड नसावा एवढं पाहिलं जातं. त्याला भिंतीतली ओल ओळखता येते का, जमिनीच्या नोंदवहीतला उतारा वाचता येतो का, हे कुणी विचारत नाही.

शिकलेले माक्लर नसतात असं मुळीच नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवसायाचं तीन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण इथे आहे, काही शाळेत आणि काही कंपनीत. व्यापार-उद्योग मंडळांचे छोटे अभ्यासक्रमही आहेत. माक्लरांची जुनी संघटना 1924 ची. ती आणि दुसरी एक संघटना मिळून 2004 मध्ये आजची आयव्हीडी झाली, आणि ती सभासद करून घेताना ज्ञानाचा पुरावा मागते, विमा मागते, आचारनियम पाळायला लावते. पण संघटनेत जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. खरं तर परीक्षा सक्तीची करा, अशी मागणी या संघटनेनेच वर्षानुवर्षं केली. चांगलं काम करणाऱ्यालाच नवशिक्याची बदनामी भोवते, म्हणून.

त्या मागणीला यश येता येता राहिलं. 2016 मध्ये सरकारने आणलेल्या मसुद्यात परीक्षेची तरतूद होती. 2017 मध्ये कायदा झाला तेव्हा ती गळाली आणि तिच्या जागी उजळणी आली: 1 ऑगस्ट 2018 पासून तीन वर्षांत 20 तास प्रशिक्षण. वर्षाला सात तासही भरत नव्हते. ज्याचा पायाच घातलेला नाही त्याची उजळणी कसली करायची, हे मला आजही कळलेलं नाही. मात्र त्या नियमांत ग्राहकासाठी एक उपयोगाची गोष्ट होती: आपण नेमलेल्या माक्लरला त्याचं शिक्षण काय आणि मागच्या तीन वर्षांत त्याने कुठलं प्रशिक्षण घेतलं हे विचारलं, तर ते सांगणं त्याच्यावर बंधनकारक झालं. आमच्या ओळखीत घर विकत घेताना हा प्रश्न विचारणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

ज्ञानाच्या बाबतीत असा ढिला असलेला जर्मन कायदा पैशाच्या बाबतीत मात्र वर्षागणिक घट्ट होत गेला, आणि मला तो त्यासाठीच आवडतो. माणसाची नियत तपासायची तर त्याला पैसे कोण देतं ते बघावं, हे त्यामागचं साधं शहाणपण. त्याची सुरुवात फार जुनी आहे. 1 जानेवारी 1900 ला लागू झालेल्या नागरी संहितेतच म्हटलं आहे की व्यवहार झाला तरच माक्लरचा मोबदला, नुसत्या खटपटीचा नाही. आणि करार मोडून तो समोरच्या पक्षासाठी काम करत असेल तर मोबदल्यावरचा हक्कच जातो. 1971 च्या कायद्याने भाड्याच्या घरांपुरती आगाऊ रक्कम मागायला बंदी केली. घर माक्लरच्या स्वतःच्या मालकीचं किंवा व्यवस्थापनातलं असेल तर भाडेकरूकडून त्याला काहीच घेता येत नाही.

मोठा बदल 1 जून 2015 ला झाला. ज्याने माक्लरला बोलावलं, त्याने पैसे द्यायचे. एवढ्या एका वाक्याने माझ्यासारख्या लाखो भाडेकरूंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. हा आमच्या धंद्यावर घाला आहे म्हणत काही माक्लर कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेले, पण 2016 मध्ये न्यायालयाने नियम कायम ठेवला. घरांची टंचाई असताना भाडेकरूला नाही म्हणायची सोयच नसते, हे न्यायालयाने ओळखलं.

घरखरेदीत बदल व्हायला आणखी पाच वर्षं लागली. बर्लिनमध्ये विकणाऱ्याने माक्लर नेमायचा आणि 7.14 टक्के प्रोविजन पूर्ण घेणाऱ्याने भरायची, अशीच रीत होती. चार लाख युरोच्या घराला 28,560 युरो. 23 डिसेंबर 2020 पासून घर किंवा फ्लॅट घेणारा साधा ग्राहक असेल तर दोघांनीही नेमलेल्या माक्लरला दोघांकडून सारखीच रक्कम घ्यावी लागते, आणि एकाचं काम फुकट केलं तर दुसऱ्याचंही फुकट. विकणाऱ्याने एकट्यानेच नेमला असेल, तर घेणाऱ्यावर निम्म्याहून जास्त बोजा टाकता येत नाही, आणि विकणाऱ्याने आपला वाटा भरल्याचा पुरावा दाखवल्यावरच घेणाऱ्याने द्यायचं. पळवाटा निघाल्याच. ‘घर तुमच्यासाठी राखून ठेवतो’ म्हणून वेगळे पैसे घ्यायची पद्धत होती; 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने माक्लरच्या छापील अटींतली अशी राखीव फी रद्द ठरवली. त्या प्रकरणात ग्राहकाने 4,200 युरो भरले होते आणि कर्ज न मिळाल्याने घर घेतलंच नव्हतं.

महाराष्ट्रात याच्या उलट झालं. महारेराने जानेवारी 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, 1 जानेवारी 2024 पासून प्रमाणपत्राशिवाय काम नाही असं ठरलं, आणि त्याच वर्षी प्रमाणपत्र न घेतलेल्या 20 हजारांवर एजंटांची नोंदणी स्थगित झाली. जर्मनीला न जमलेली गोष्ट आपण केली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण ही परीक्षा रेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्यांना. जुना फ्लॅट किंवा भाड्याचं घर दाखवणारा तिच्या बाहेर. दलाली किती घ्यावी, कुणाकडून घ्यावी, दोन्हीकडून घेतली तर निष्ठा कुणाशी, याचं उत्तर रेरा कायद्यात नाही. पुण्यात भाड्याच्या घरासाठी मालकाकडून एक महिना आणि भाडेकरूकडून एक महिना घेणारा एजंट कुणाला नवा नाही.

माझी भाची गेल्या वर्षी पुण्याहून नोकरीसाठी इथे आली. शनिवारी सकाळी आम्ही दोघी एका घरासाठी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभ्या होतो. पुढे-मागे तीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात फोल्डर: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, शूफाचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा दाखला, भरलेला माहितीचा फॉर्म. आत गेल्यावर तिने विचारलं, हीटिंग कशावर चालतं? माक्लर म्हणाला, बघून कळवतो. त्याने कळवलं नाही. पण भेटीची वेळ तरी मिळाली होती. त्याआधीच्या कित्येक ईमेलना ‘सध्या वेळ शिल्लक नाही’ एवढंच उत्तर आलं होतं. एकदा ती म्हणाली, “मावशी, ऑफिसातल्या मैत्रिणीचं नाव टाकून बघू का?” मी म्हटलं, “अगं, नको.” पण नको का, ते मला सांगता आलं नाही.

ते सांगता येईल असा निकाल 2026 च्या जानेवारीत आला. फ्रँकफुर्टजवळ घर शोधणाऱ्या पाकिस्तानी वंशाच्या एका स्त्रीला स्वतःच्या नावाने भेटीची वेळ मिळेना. श्नायडर हे जर्मन आडनाव लावून, बाकी माहिती तशीच ठेवून विचारलं, तर लगेच मिळाली. ती कोर्टात गेली आणि पहिल्या कोर्टात हरली. डार्मश्टाटच्या वरच्या कोर्टाने तिला 3,000 युरो भरपाई दिली आणि सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ती कायम केली. माक्लरचं म्हणणं होतं, घर मालकाचं, मी फक्त मध्यस्थ, मागायचं ते मालकाकडे मागा. न्यायालयाने ते ऐकलं नाही. घर बघायला कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, हे ज्याच्या हातात आहे, त्याला 2006 चा समान वागणुकीचा कायदा स्वतःलाच लागू होतो.

या व्यवसायाच्या नीतीबद्दल मी जे काही वाचलं, त्यात मला हा निकाल सगळ्यात मोलाचा वाटतो. परीक्षेत ओल ओळखायला शिकवता येईल, पण नाव वाचून ईमेल बाजूला सारणारा हात परीक्षेने थांबत नाही. तो थांबायचा तर त्या हाताच्या मालकाला स्वतः जबाबदार धरावं लागतं.

भाचीला शेवटी ऑफिसातल्याच एकाच्या ओळखीने घर मिळालं, माक्लरशिवाय. नकाराचे ईमेल तिने तेव्हाच पुसून टाकले होते. निकाल आल्यावर आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तिने एकच मेसेज टाकला: घर शोधत असाल तर आपलं पूर्ण नाव लिहा, आणि उत्तर काहीही येवो, तारखेसकट जपून ठेवा.