सोसायटीचा डीव्हीआर हाही एक कॉम्प्युटरच! पासवर्ड बदललाय का?

पनवेल, कामोठे, खारघर... बहुतेक सोसायट्यांच्या वॉचमन केबिनमध्ये सीसीटीव्हीचा डीव्हीआर असतो. हा डबा म्हणजे खरं तर छोटा कॉम्प्युटर आणि तो बहुतेक वेळा लिनक्सवर चालतो. घरातला वायफाय राउटरही तसाच.

अशा उपकरणांत बरीचशी कामं एकाच चिपवर होतात, त्यामुळे वीज कमी लागते. 10 वॅटचा राउटर महिनाभर अखंड चालला, तरी साधारण 7 युनिट होतात. म्हणून तो कोणी बंद करत नाही. धोका इथेच आहे.

2016 मध्ये 'मिराय' या मालवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. कसे? कंपनीने दिलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते. 21 ऑक्टोबरला याच उपकरणांतून अमेरिकेतल्या 'डाइन' या इंटरनेट कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांसाठी ठप्प झालं.

भारतात एप्रिल 2025 पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीआधी सुरक्षा चाचणी सक्तीची आहे. पण आधीच बसवलेल्यांचं काय? ते आपल्याच हातात आहे. पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा. कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल, तर डीव्हीआरची इंटरनेटची वायर काढा. रेकॉर्डिंग तरीही चालूच राहतं.