गोळी चालू आहे, मग लस चालेल का?

साखर आणि संसार : लेखांक ११

गेल्या लेखांकात आपण पायांची निगा पाहिली. या वेळी दंडाकडे वळू.

मे उजाडला की म्हसा, धसई, सरळगाव या पट्ट्यात राब भाजून झालेले असतात आणि सगळ्यांची नजर मृगाकडे लागलेली असते. एकदा आवणी सुरू झाली की महिनाभर दवाखान्याकडे फिरकायला कुणाला सवड नसते. म्हणून चष्मा, दात, अंगावर काढलेली दुखणी ही सगळी कामे याच दिवसांत उरकली जातात. फ्लूची लस घ्यायची वेळही हीच. पण साखरेची गोळी चालू असलेल्या माणसाला लस सुचवली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, गोळी चालू हाय. वरून ही सुई चालंल ना?” त्याच घरातून रोज कल्याणला कामाला जाणाऱ्या मुलाची शंका थोडी वेगळी असते. त्याने वजन उतरवायला आठवड्याचे इंजेक्शन सुरू केलेले असते. दोन सुयांचे आपसात जमेल का, हे त्याला हवे असते.

उत्तर सरळ आहे. चालते, आणि गोळी एक दिवसही बंद करावी लागत नाही. पण हे उत्तर नुसते ऐकून उपयोग नाही. ते का, हे कळले तर लस घेण्याच्या दिवशी आणि पुढे कधी ताप आलाच तर त्या दिवसांत काय करायचे, तेही कळते.

दोघांची कामे वेगळी

फ्लूच्या लशीचा डोस अर्ध्या मिलिलिटरचा. तो दंडाच्या स्नायूत देतात. त्यात मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यामुळे लशीमुळे फ्लू होणे शक्यच नाही. हे तुकडे काखेतल्या गाठींपर्यंत पोचतात, तिथल्या पेशी ते ओळखून घेतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागतात. या कामाला साधारण दोन आठवडे लागतात.

आता औषधे पाहा. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात सुटणारी साखर आवरते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन काढून घेते. डॅपाग्लिफ्लोझिन आणि त्याची भावंडे जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. सेमाग्लुटाइड आणि टिरझेपाटाइड भूक कमी करतात आणि पोटातले अन्न सावकाश पुढे सरकवतात. इन्सुलिन धरून यांतले एकही औषध प्रतिकारशक्ती दाबत नाही. पोट सावकाश रिकामे होण्याचाही प्रश्न येत नाही, कारण ही लस पोटातून जातच नाही.

टिरझेपाटाइड ‘मौन्जारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले आणि सेमाग्लुटाइडचे ‘वेगोव्ही’ त्याच वर्षी जूनमध्ये. नवी औषधे म्हटली की धाकधूक असणारच. ही औषधे आठवड्यातून एकदा, पोटाच्या, मांडीच्या किंवा दंडाच्या कातडीखालच्या चरबीत घेतात. लस स्नायूत जाते. दोन्ही एकाच दिवशी घ्यायची वेळ आली तर औषध पोटावर टोचावे आणि लस दंडाला घ्यावी. मध्ये एक-दोन दिवस सोडले तर बरेच, पण ते केवळ सोयीसाठी. लशीने दंड दुखतो, क्वचित कणकण येते, अंग मोडून येते. या औषधांनी मळमळते, उलटी होते, विशेषतः डोस नुकताच वाढवला असेल तेव्हा. दोन्ही एका दिवशी घेतले आणि रात्री त्रास झाला, तर तो कशाने झाला हे तुम्हाला कळत नाही आणि डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

ज्याला गोळी, त्यालाच लशीची गरज

खरे तर प्रश्न उलटा विचारायला हवा. गोळी चालू असूनही लस का घ्यायची, याऐवजी ज्या दुखण्यासाठी गोळी चालू आहे त्याच दुखण्यामुळे लस का लागते, असा.

साखर दीर्घकाळ चढी राहिली की जंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. फ्लू झाला की शरीर ताणाखाली येऊन कॉर्टिसोल आणि अॅड्रेनालिन सोडते, आणि त्याने साखर आणखी चढते. या चक्रात सापडलेल्या माणसाचा साधा ताप न्यूमोनियापर्यंत जायला वेळ लागत नाही. अमेरिकेत अलीकडच्या हंगामांत फ्लूने रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांपैकी सुमारे ३० टक्क्यांना मधुमेह होता. धोका फुप्फुसांवरच थांबत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लू झाल्याचे तपासणीत ठरल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सहापट आढळला. मधुमेही माणसाचे हृदय आधीच जोखमीत असते, हे आपण चौथ्या लेखांकात पाहिले आहे.

वजनाचेही तसेच. लठ्ठपणा हा स्वतःच फ्लू गंभीर होण्याचे कारण ठरतो, हे २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत जगभर दिसले. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात तर लस घेऊनही लठ्ठ व्यक्तींना फ्लू होण्याचे प्रमाण इतरांच्या दुप्पट निघाले. म्हणून वजन उतरायला लागले, आता लशीची काय गरज, हा हिशेब चुकतो. वजन पुरते उतरेपर्यंत, आणि मधुमेह असेल तर त्यानंतरही, लस हवीच.

या बाबतीत महाराष्ट्राने किंमत मोजली आहे. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला. २०१५ मध्ये एकट्या महाराष्ट्रात या आजाराने सुमारे नऊशे माणसे दगावली आणि २०१७ मध्ये पावणेआठशे. राज्याच्या आरोग्य खात्याने २०१५ पासून जोखमीच्या गटांना ही लस मोफत आणि ऐच्छिक द्यायला सुरुवात केली. त्या गटांत गरोदर बायका आणि आरोग्य कर्मचारी आहेत, तसेच मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्णही आहेत. म्हणजे साखरेची गोळी चालू असणे हे सरकारी यादीत लस नाकारण्याचे कारण नाही, ते लस देण्याचे कारण आहे.

दरवर्षी का, आणि कधी

गोवर किंवा धनुर्वाताची लस दरवर्षी घ्यावी लागत नाही, मग हीच का? म्हशाच्या जत्रेतल्या बैलबाजारात फिरलेल्याला हे चटकन कळेल. शिंगे तासून, रंगवून, नवी झूल घालून उभा केलेला बैल जुन्या मालकालाही पहिल्या नजरेत ओळखू येत नाही. फ्लूचा विषाणू असाच दरवर्षी बाहेरचे रूप बदलतो आणि गेल्या वर्षीची प्रतिपिंडे चकतात. शिवाय ती काही महिन्यांत आपोआप ओसरतातही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवते. लस चार विषाणूंची असो वा तीन, काळजी नको. ‘बी’ प्रकारातला यामागाता हा वाण मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेलाच नाही. म्हणून चौथा घटक आता वगळला जातो आहे.

आपल्याकडे फ्लू मुख्यतः पावसाळ्यात उसळतो, दुसरी लहान लाट थंडीत येते. म्हणून एप्रिल-मेमध्ये दक्षिण गोलार्धाची ताजी लस घेणे सर्वांत चांगले. ज्यांची ती वेळ हुकली त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, तेव्हा बाजारात असलेली लस घ्यावी. पौष पौर्णिमेला म्हशाला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते तेव्हा गावोगावची माणसे आणि व्यापारी खेटून उभे असतात आणि दोन आठवडे आधी घेतलेली लस तोवर कामाला लागलेली असते. वर्षाला एक डोस पुरतो. विषाणूशी मेळ बसलेल्या वर्षी दवाखाना गाठावा लागण्याचा धोका ती ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. कवच शंभर टक्के नाही, पण ज्यांना लस घेऊनही फ्लू होतो त्यांचा आजार बहुधा हलका जातो.

लस घ्यायला जाताना

इथे एक गोष्ट जपायची. उपाशीपोटीची साखर तपासायची म्हणून अनेक जण पहाटेच्या एसटीने रिकाम्या पोटी मुरबाडला निघतात. घरून निघतानाच सवयीने ग्लिमेपिराइडची गोळी घेतात किंवा इन्सुलिन टोचतात. मग रांग, रक्त, पुन्हा रांग, आणि लशीची वेळ येईतो अकरा वाजतात. तेव्हा घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि लस घेताच माणूस पडला, अशी बातमी गावात पोचते. पाडते ती उतरलेली साखर, दोष मात्र लशीच्या माथी येतो. म्हणून गोळी किंवा इन्सुलिन सोबत न्यावे, रक्त दिल्यावर न्याहारीबरोबर घ्यावे, आणि खाऊन झाल्यावरच दंड पुढे करावा. खिशात साखरेची पुडी असू द्यावी.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगावे. सुई काढल्यावर दोन-तीन मिनिटे जागा दाबून धरली की भागते. आधी कधी या लशीने अंगावर तीव्र रिअॅक्शन आली असेल किंवा लशीनंतर सहा आठवड्यांत गिया-बारे हा नसांचा आजार झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. अंगात चांगलाच ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबावे. अंड्याची अॅलर्जी हे आता कारण धरत नाहीत. नाकात फवारायच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. मधुमेहींनी सुईचीच लस घ्यावी.

लशीनंतर एक-दोन दिवस साखर किंचित चढली तर घाबरून डोस वाढवू नये. दंड दुखला, कणकण आली तर पॅरासिटामॉल पुरते.

खरी काळजी आजाराच्या दिवसांत

लशीने औषध बदलायचे नसते. ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले आणि खाणे थांबले, तर मात्र औषधाकडे नव्याने पाहावे लागते. हे नियम आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावेत.

खाणे-पिणे थांबले असेल तर डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या थांबवाव्या लागतात, नाहीतर साखर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचते. अंगातले पाणी खूप कमी झाले असेल तर मेटफॉर्मिनही थांबवतात. जेवणच नाही आणि ग्लिमेपिराइड चालू, तर साखर धोक्याची पातळी सोडून खाली जाते. तिथे डोस डॉक्टर ठरवतील. आठवड्याचे इंजेक्शन चालू असेल तर उलट्या थांबेपर्यंत पुढचा डोस लांबवायचा का ते विचारावे, कारण घेतलेले औषध शरीरात आठवडाभराहून जास्त रेंगाळते आणि आधीच कमी झालेली भूक आणखी मरते. इन्सुलिन मात्र मनाने कधीच पूर्ण बंद करू नये. पेज, ताक, मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे चालू ठेवावे आणि साखर दिवसातून तीन-चारदा मोजावी.

तापात मधुमेहीला दोन दिवस वाट पाहणे परवडत नाही. फ्लूच्या रुग्णांच्या सरकारी वर्गवारीत तो ‘बी-२’ गटात येतो. या गटाला तपासणीचा अहवाल येण्याआधीच ऑसेल्टॅमिव्हिर हे फ्लूवरचे औषध देता येते, आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. ‘लगेच उतार पडेल’ असे म्हणून टोचल्या जाणाऱ्या सुईत कधी स्टिरॉइड असते. त्याने ताप दबतो आणि साखर भडकते. सुई कशाची, हे विचारायला संकोच करू नये. दम लागला, छातीत दुखले किंवा माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.

कुठे मिळेल

ही लस बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात येत नाही, त्यामुळे ती रोज प्रत्येक आरोग्य केंद्रात असेलच असे नाही. साठा आला आहे का, हे आधी आशाताईंना विचारावे. मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात खेप घालण्याआधीही एक फोन करावा. खासगीत तिला साधारण दीड ते दोन हजार रुपये पडतात. मेडिकलमधून विकत घेऊन गावच्या डॉक्टरांकडे टोचून घ्यायची असेल तर लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. मेच्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीत तासभर ठेवली तर ती वाया जाते, आणि बर्फाला थेट टेकून गोठली तरी वाया जाते. बर्फाच्या पिशवीभोवती कापड गुंडाळावे, कुपी मधोमध ठेवावी. त्याहून बरे म्हणजे जिथे लस आहे तिथेच दंड घेऊन जावे.

जाताना औषधांच्या सगळ्या पट्ट्या आणि इंजेक्शनचे पेन एका पिशवीत सोबत न्यावे. लस घेण्याआधीच आजारपणाचे नियम एका कागदावर लिहून मागावेत.

(पुढील लेखांकात : न्यूमोनियाची लस मधुमेहींना कोणत्या वयात, किती वेळा?)