वायफाय नसलेला एक्सबॉक्स आणि दोन चौकी वाडा



आपल्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी जुना एक्सबॉक्स ३६० आला आहे. शेजारचे कुटुंब घर बदलताना देऊन गेले. पुण्याच्या आतेभावाकडेही अगदी तसाच आहे, तेव्हा शनिवारी सकाळी दोघांनी मिळून गाड्यांची शर्यत खेळायची असे ठरले. पण बेत पहिल्याच पायरीवर अडला, कारण या यंत्राला वायफायच नाही! राउटर बाहेरच्या दाराजवळच्या कपाटात, टीव्ही बैठकीच्या खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मधून केबल ओढायला आईची सक्त मनाई. चेरीवूडच्या नव्या इमारतींत राहणाऱ्या पुष्कळांना हे चित्र ओळखीचे वाटेल. त्याने मला विचारले, "काका, लॅपटॉपला वायफाय मिळते ना? मग लॅपटॉपकडून एक्सबॉक्सला नाही का घेता येणार?"

घेता येते. आणि ही युक्ती नवी नाही. एक्सबॉक्स ३६० युरोपात डिसेंबर २००५ मध्ये आला, तेव्हा त्याच्या पाठीला केबलचे भोक होते, पण वायफाय नव्हते. त्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागे आणि ते स्वस्त नव्हते. २०१० च्या नव्या बारीक मॉडेलपासून वायफाय आतच बसवलेले आले. मधल्या पाच वर्षांत घरोघरच्या दादा-ताईंनी लॅपटॉप टीव्हीशेजारी ठेवून हेच केले. गंमत म्हणजे निंटेंडो कंपनीने २००५ साली याच कामासाठी एक छोटी यूएसबीची कांडी काढली होती. ती संगणकाला लावली की संगणकाचे इंटरनेट हातातल्या डीएस खेळण्याला बिनतारी मिळे. निंटेंडोची ती ऑनलाइन सेवा मे २०१४ मध्ये बंद झाली.

विंडोजमध्ये ही सोय १९९९ पासून, म्हणजे विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. तेव्हा घरात एकच मोडेम असे आणि तो एकाच संगणकाला लावलेला असे. दुसऱ्या संगणकाने काय करायचे? म्हणून पहिल्याने आपली जोडणी वाटून द्यायची. आज आपण तेच करणार आहोत, फक्त दुसऱ्या संगणकाच्या जागी एक्सबॉक्स आहे.

आता हे आतून चालते कसे? ते समजले नाही तर पुढे अडल्यावर नुसती बटणे दाबत बसावे लागते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तुमच्या आजी-आजोबांना पुण्यातल्या जुन्या वाड्यांबद्दल विचारा. मोठा दरवाजा एक, आत चौक, आणि चौकाभोवती आठ-दहा बिऱ्हाडे. बाहेरच्या जगासाठी पत्ता एकच, वाड्याचा. आता समजा दरवाजाशेजारच्या देवडीवर एक पहारेकरी बसला आहे आणि त्याच्याजवळ एक वही आहे. आतल्या बिऱ्हाडाने पत्र बाहेर पाठवले की तो पाकिटावरचा खोलीचा नंबर खोडतो, वाड्याचा पत्ता घालतो आणि वहीत लिहून ठेवतो, "तिसऱ्या खोलीचे पत्र अमक्याला गेले." उत्तर आले की वही पाहून ते तिसऱ्या खोलीत पोचवतो. घरातला राउटर नेमके हेच करतो. आयर्लंडमध्ये २०१५ पासून प्रत्येक घराला स्वतःचा एअरकोड आहे, अगदी एका इमारतीतल्या प्रत्येक फ्लॅटलासुद्धा वेगळा. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांचे तसे नाही. ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत आणि पृथ्वीवर माणसेच ८०० कोटींच्या वर. शिवाय प्रत्येकाकडे फोन, लॅपटॉप, टीव्ही! म्हणून घराला पत्ता एक, आणि आतल्या यंत्रांना घरगुती नंबर. १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर तुम्ही कुठेतरी पाहिले असतील. ते असे घरगुती वापरासाठीच राखून ठेवले आहेत, त्यामुळे तुमच्या घरातला नंबर पुण्यातल्या घरातही असू शकतो आणि त्याने काही बिघडत नाही.

लॅपटॉपने एक्सबॉक्सला इंटरनेट द्यायचे म्हणजे लॅपटॉपनेही असाच एक पहारेकरी बसवायचा. राउटरच्या वाड्यात लॅपटॉप एक बिऱ्हाड, आणि त्या बिऱ्हाडाच्या मागे आणखी एक चौक, त्यात एक्सबॉक्स. झाला की नाही दोन चौकी वाडा? हे चित्र लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता प्रत्यक्ष कृती. एक साधी नेटवर्कची केबल घ्या. फार पूर्वी दोन यंत्रे थेट जोडायला आतल्या तारा उलटसुलट केलेली खास केबल लागे. आजचे लॅपटॉप तारा आपोआप ओळखतात. लॅपटॉपला केबलचे भोकच नसेल (हल्लीच्या बारीक लॅपटॉपना नसते) तर यूएसबीला लावायचा जोड बाजारात मिळतो. केबलचे एक टोक लॅपटॉपला, दुसरे एक्सबॉक्सला. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क जोडण्यांची यादी उघडा. तिथे वायफाय आणि इथरनेट अशी दोन चित्रे दिसतील. उजवी कळ वायफायच्या चित्रावर दाबायची, इथरनेटच्या नाही, कारण वाटून द्यायचे आहे ते वायफायचे इंटरनेट. प्रॉपर्टीज, मग शेअरिंगचे पान, तिथल्या पहिल्या चौकटीत खूण, आणि खाली विचारले तर इथरनेट निवडा. मॅक असेल तर सेटिंगमधल्या शेअरिंगमध्ये इंटरनेट शेअरिंग सापडेल. कुठून ते वायफाय, कुणाला ते केबल, एवढेच सांगायचे. एक्सबॉक्समध्ये काही लिहायचे नाही. सगळे 'ऑटोमॅटिक' ठेवून जोडणीची चाचणी घ्या.

चाचणी नापास झाली तर एक्सबॉक्सला मिळालेला नंबर पाहा. विंडोजचा पहारेकरी स्वतः १९२.१६८.१३७.१ हा नंबर घेतो आणि एक्सबॉक्सला त्याच ओळीतला पुढचा कुठला तरी देतो (पडद्यावर अर्थात इंग्रजी आकडे दिसतील). तसा नंबर असेल तर केबल ठीक, पहारेकरी जागेवर. अडचण पलीकडे, म्हणजे वायफायमध्ये किंवा लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये. नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा, एक्सबॉक्सने हाका मारल्या आणि कुणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक नंबर लावून घेतला. केबल नीट बसली आहे का पाहा आणि शेअरिंगची खूण काढून पुन्हा लावा. लॅपटॉप बंद करून चालू केल्यावर विंडोज पुष्कळदा हे वाटप विसरते; खूण दिसते, पण काम होत नाही. तेव्हाही उपाय तोच. त्याच यादीत दोन जोडण्यांमध्ये 'पूल' बांधण्याचाही पर्याय दिसतो आणि तो सोपा वाटतो. त्याच्या नादी लागू नका. वायफाय राउटर साधारणपणे ज्या यंत्राची ओळख पटली त्याचेच बोलणे ऐकतो. पुलावरून मागून येणाऱ्या एक्सबॉक्सला तो दाद देत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती, ती आता सांगतो: लॅपटॉप कुणाचा? आपल्याकडे बहुतेक आई-बाबांचे लॅपटॉप ऑफिसचे असतात. त्यांना हात लावू नका. कंपनीचा लॅपटॉप दुसऱ्या यंत्राला वाट करून देऊ लागला तर कंपनीच्या सुरक्षिततेला भोक पडते, आणि विचारणा बाबांना होते, तुम्हाला नाही. बहुतेक कंपन्यांनी ही खूण आधीच कुलूपबंद केलेली असते. घरचा जुना लॅपटॉप असेल तर तो या कामाला छान. तेवढा वेळ झाकण उघडे ठेवा आणि झोपी जाण्याची सेटिंग बंद करा, नाहीतर शर्यतीच्या ऐन मध्यावर पहारेकरी डुलकी घेईल.

इथपर्यंत सगळे जमले. चाचणी पास झाली, एक्सबॉक्सने आपली अद्ययावत माहितीही उतरवून घेतली. पण आतेभावाच्या शर्यतीत शिरायला गेले की "जोडता येत नाही." असे का? आता आपला दोन चौकी वाडा आठवा. तुम्ही पत्र पाठवले आणि त्याचे उत्तर आले तर वहीत नोंद असते. पण आतेभावाचे पत्र आपणहून, न विचारता आले तर? बाहेरचा पहारेकरी वही पाहतो, नोंद नाही, पत्र परत! जुन्या खेळांत बहुधा मध्ये मोठा सर्व्हर नसे. खेळणाऱ्यांपैकी एकाचेच यंत्र यजमान होई आणि बाकीचे थेट त्याच्या दारात जात. त्यामुळे कुणाचे दार किती उघडे यावर सगळे अवलंबून. एक्सबॉक्स याला ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट अशी नावे देतो. राउटरचा पहारेकरी एक्सबॉक्सच्या विनंतीवरून वहीत आगाऊ नोंद करून ठेवू शकतो, पण लॅपटॉप मध्ये आला की एक्सबॉक्सची विनंती लॅपटॉपच्या देवडीपर्यंतच पोचते. बाहेरच्या पहारेकऱ्याला पत्ताच नसतो.

दोघांचीही दारे घट्ट असतील तर गाठ पडत नाही. एकाचे उघडे असेल तर पडते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: यजमान बदला. आतेभाऊ घरच्या राउटरवर असेल तर शर्यत त्याला भरवायला सांगा आणि तुम्ही त्याच्याकडे जा. तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर त्याच्या पुढे मोबाइल कंपनीचाही एक पहारेकरी बहुधा असतोच, मग त्याचे दार तुमच्यापेक्षा घट्ट. दुसरा उपाय म्हणजे मधला चौकच काढून टाकायचा. केबलचे भोक असलेला वायफाय एक्स्टेंडर मिळतो. तो टीव्हीशेजारी लावला की एक्सबॉक्सला तो राउटरच्याच वाड्यात नेऊन बसवतो. माझ्या मते लॅपटॉपची युक्ती सुट्टीपुरती, रोजच्यासाठी एक्स्टेंडर.

पैसे खर्च करण्याआधी आणखी एक पाहा. एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. ज्यांच्या सेवा चालू आहेत ते खेळ अजून ऑनलाइन चालतात, पण पुष्कळ खेळांच्या कंपन्यांनी आपापल्या सेवा त्याआधीच गुंडाळल्या. तुमचा खेळ कुठल्या गटात आहे हे शोधून मगच वाड्याची दुरुस्ती काढा.

आणि गाडी जरा अडखळली तर लगेच लॅपटॉपला दोष नको. डब्लिन ते पुणे हवाई अंतर साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसते जाऊन यायलाच सेकंदाचा पंचाहत्तर हजारावा नव्हे, पंचाहत्तर हजारांश वेळ लागतो. समुद्रातल्या केबली सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून बराच जास्त. लॅपटॉपच्या केबलने त्यात पडणारी भर जेमतेम एखाद्या हजारांशाची. शर्यत खेळता येते. पण ज्या खेळात डोळ्याचे पाते लवण्याआधी बटण दाबावे लागते, तिथे पुण्याचा भाऊ आणि तुम्ही दोघेही कुरकुराल.

हॉटेलात किंवा वसतिगृहात वायफायला आधी एक पान उघडून खोलीचा नंबर भरावा लागतो. काही खेळयंत्रांना ते पान दाखवता येत नाही. तिथे लॅपटॉपवर ते पान भरायचे आणि मग वाटून द्यायचे. विंडोज १० मध्ये २०१६ पासून मोबाइल हॉटस्पॉट नावाची सोय आहे, तिच्यामुळे केबलसुद्धा लागत नाही. लॅपटॉप स्वतःच्या नावाचे छोटे वायफाय तयार करतो. एक्सबॉक्स ३६० च्या जुन्या मॉडेलला त्याचा उपयोग नाही, पण स्विच असेल तर आहे. हॉटेलच्या नियमांत परवानगी आहे का हे मोठ्यांना विचारून घ्या.

आतेभावाशी वेळ ठरवताना: उन्हाळ्यात पुणे आपल्या साडेचार तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. आपल्या सकाळी दहाला त्याच्याकडे अडीच किंवा साडेतीन वाजलेले असतात, म्हणजे जेवण झालेले आणि आत्या झोपलेली. आवाज कमी ठेवायला सांगा.