ऐन वेळी ‘नाही’ म्हटले तर?

गणित या विषयाशी माझे संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटले. पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो, महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो, आणि दूधवाल्याच्या हिशेबापलीकडे आकड्यांच्या वाटेला फिरकून गेलो नाही. अशा माणसाने दिवाळी अंकात गणितावर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. परंतु माझे मेहुणे आज धडधाकट आहेत ते ज्या विचारामुळे, त्याचे ऋण कोठेतरी मान्य करायला हवे.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसची वारी सुरू झाली. ताई म्हणाली, “माझे एक घ्या की! मला दोन कशाला हवीत?” तपासणी झाली. ताईचा रक्तगट ‘ए’, भाऊजींचा ‘बी’. रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर याने १९०१ साली लावला. ‘बी’ गटाच्या माणसाच्या रक्तात ‘ए’च्या विरुद्ध प्रतिपिंडे असतात, ती परक्या मूत्रपिंडावर तुटून पडतात. पत्रिकेतले छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते. रक्तगट तेवढा पाहायचा राहिला होता! मी माझे नाव पुढे केले, पण माझ्या मधुमेहामुळे डॉक्टरांनी ते पहिल्याच दिवशी खोडले.

मग डॉक्टरांनी दुसरी वाट सुचवली. त्यांच्याकडे एक विधवा आई आणि तिचा तरुण मुलगा येत होता. आई ‘बी’, मुलगा ‘ए’. ताईने त्या मुलाला द्यावे, त्या आईने भाऊजींना द्यावे. आपल्याकडे अवयवदानाचा कायदा १९९४ सालचा. २०११ च्या दुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांच्या अशा दोन जोड्यांत अदलाबदलीची मुभा मिळाली. पैशाची देवघेव मात्र गुन्हा.

ताई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “आणि माझे काढून घेतल्यावर त्यांनी ऐन वेळी ‘नाही’ म्हटले तर?”

प्रश्न रास्त होता. दिलेले मूत्रपिंड परत मागता येत नाही, आणि कबूल केलेले कोर्टात जाऊन वसूल करता येत नाही. डॉक्टर म्हणाले, “म्हणूनच चारही शस्त्रक्रिया एकाच वेळी करायच्या.”

त्या रात्री आमचे चिरंजीव, जे संगणकशास्त्र शिकतात आणि एरवी घरात चार वाक्ये बोलत नाहीत, ते म्हणाले, “आत्या, तुझ्या प्रश्नावर एक अख्खे शास्त्र उभे आहे.” आणि त्यांनी आम्हांला १९६२ सालची एक गोष्ट सांगितली.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी त्या वर्षी एका गणिताच्या मासिकात सात पानांचा लेख लिहिला. विषय होता कॉलेजप्रवेश आणि लग्ने. समजा, दहा मुलगे आणि दहा मुली आहेत. प्रत्येकाच्या मनात पसंतीचा क्रम आहे. अशी लग्ने लावता येतील काय, की नंतर कोणत्याही दोघांना आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावेसे वाटू नये?

येतात, असे त्यांनी दाखवून दिले. प्रत्येक मुलाने आपल्या पहिल्या पसंतीच्या मुलीला विचारावे. मुलीने आलेल्यांतला त्यातल्या त्यात बरा “तूर्त थांबा” म्हणून ठेवून घ्यावा आणि बाकीच्यांना नकार द्यावा. नकार मिळालेल्यांनी पुढच्या मुलीकडे जावे. अधिक चांगला आला, तर मुलीने आधीच्याला मोकळे करावे. नकार संपले की लग्ने लावावीत. आता माधवला आपल्या बायकोपेक्षा सुधा अधिक आवडत असेल, तर त्याने सुधाला आधीच विचारलेले असणार, आणि तिने त्याच्याहून बरा मिळाला म्हणूनच त्याला सोडलेले असणार. मग ती कशाला येते? झाली सिद्धता! यात एकही चिन्ह नाही, एकही समीकरण नाही. युक्तिवाद साध्या बोलीत मांडला आहे, हे लेखकांनी शेवटी मुद्दाम नमूद केले आहे. हे ऐकून माझ्यातला भाषेचा मास्तर सुखावला.

या रीतीत विचारणाऱ्या पक्षाचे नेहमी भले होते, हेही सिद्ध झालेले आहे. आमची सौ. म्हणाली, “मग मुलींनीच आधी विचारावे!” चिरंजीव म्हणाले, “गणितही तेच म्हणते, आई.”

पुढे १९७४ साली शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी घरांच्या अदलाबदलीचा प्रश्न घेतला. प्रत्येकाने आपल्याला हव्या त्या घराकडे बोट दाखवावे. कोठेतरी बोटांचे वर्तुळ पुरे होतेच. त्या वर्तुळातल्यांनी घरे बदलावीत आणि बाहेर पडावे. उरलेल्यांनी पुन्हा बोट दाखवावे. ही युक्ती गेलची. पैशावाचून देवघेव कशी करावी, हा अर्थशास्त्रातला जुना पेच तिच्यात सुटला. अल्विन रॉथ, तायफुन सोन्मेझ आणि उत्कु उन्व्हर या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली घरांच्या जागी मूत्रपिंडे ठेवून पाहिली.

येथे संगणकाची गरज पडते. दोनच जोड्यांची अदलाबदल असेल, तर शेकडो जोड्यांतून जास्तीत जास्त जुळण्या चटकन काढण्याची रीत जॅक एडमंड्स याने १९६५ सालीच देऊन ठेवली होती. तीन जोड्यांची वर्तुळे चालतील म्हटले, की हिशेब एकदम अवघड होतो. सर्व प्रसंगी लवकर उत्तर देईल अशी रीत कोणाला ठाऊक नाही. शिवाय तीन जोड्या म्हणजे एका वेळी सहा शस्त्रक्रिया! त्यापुढे इस्पितळेच हात टेकतात.

२०१२ साली शॅप्ली आणि रॉथ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल २००८ सालीच वारले होते. आपण अर्थशास्त्राचा एकही अभ्यासक्रम कधी घेतला नाही, असे शॅप्ली तेव्हा म्हणाले होते.

हे सारे ऐकून ताईची भीती गेली, असे मी म्हणणार नाही. सही करताना तिचा हात थरथरत होता. पण समोर त्या मुलाच्या आईचाही थरथरत होता, हे तिने पाहिले. मला वाटते, गणिताने जे केले ते इतकेच: माणसाने चांगले वागावे म्हणून त्याच्या शपथांवर विसंबून न राहता, चांगले वागण्यातच दोघांचे हित राहील अशी व्यवस्था लावून दिली. शपथा मोडल्याची उदाहरणे आपल्या साहित्यात रगड आहेत.

ठरल्या दिवशी चारही शस्त्रक्रिया एकाच वेळी झाल्या. ‘नाही’ कोणीच म्हटले नाही.

गेल्या भाऊबीजेला मी ताईकडे गेलो, तर दोन पाट मांडलेले. दुसऱ्यावर तो मुलगा. त्याची आई आत भाऊजींना पथ्याचे लाडू वाढीत होती. या नात्याला मराठीत काय म्हणावे, याचा मी अजून विचार करतो आहे. ताईने मात्र विचार न करता दोघांनाही ओवाळले.