पावलांची गुरुपरंपरा

आपल्यापैकी काही घरांतील मुली शनिवारी आयरिश नृत्याच्या क्लासला जातात, काही भरतनाट्यम् शिकतात. स्पर्धेत करंडक मिळतो, कौतुक होते, फोटो निघतात. पावले शिकवणाऱ्यांचे नाव मात्र त्या फोटोखाली क्वचितच असते.

या देशात नृत्यशिक्षकांची परंपरा मोठी आहे. १७७६ पासून आयर्लंडभर फिरलेल्या आर्थर यंग या इंग्रजाने १७८० साली आपले प्रवासवर्णन छापले. गरिबांच्या झोपड्या-झोपड्यांतून नृत्यशिक्षक हिंडतात, सोबत पाइपवाला नाहीतर अंध फिडलवादक असतो आणि फी तिमाहीला सहा पेन्स, असे त्यात आहे. डावे-उजवे न कळणाऱ्या शिष्याच्या एका पायाला गवत आणि दुसऱ्याला पेंढा बांधून हे गुरुजी शिकवत, असे सांगतात.

उत्तर केरीतील जेरी मॉलिनो हे अशा फिरत्या गुरुजींपैकी अखेरच्या काळातले. गावकरी त्यांना 'मनिक्स' म्हणत. त्यांची पावले शिष्यांच्या पायांत राहिली. पुढे लिमरिक विद्यापीठात शिकवणाऱ्या कॅथरीन फोली यांनी त्या शिष्यांना गाठून ती नोंदवून ठेवली, म्हणून ती आज अभ्यासता येतात.

आपल्या मराठीत याच्या उलट घडले. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाने त्या तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात सुखरूप राहिल्या. शब्द होते, पण नाचणारे पाय नव्हते! मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी वर्षानुवर्षे खपून त्यांना नृत्यरूप दिले आणि शिष्यांच्या हाती सोपवले. सुचेता भिडे-चापेकर, संध्या पुरेचा या त्यांच्याच शिष्या.

म्हणजे शब्द ग्रंथालय जपते, पाऊल मात्र शिकवणाराच जपतो. त्याचा मान करणे हा निव्वळ उपचार नव्हे. ज्याची आठवण राहते, त्याच्याकडे आणखी चार मुले शिकायला जातात आणि विद्या पुढे चालते.

आम्हांला वाटते, मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत यापुढे मुलाच्या नावाखाली त्याच्या गुरूंचे आणि ठाऊक असल्यास त्यांच्याही गुरूंचे नाव छापावे. त्या गुरू आयरिश असल्या तरी शाल-श्रीफळ त्यांनाही द्यावे, आणि तेही मुलांच्या बक्षिसांच्या आधी. खर्च फारसा नाही. एक ओळ वाढेल इतकेच. मुलांनी घरी गुरूंना त्यांच्या गुरूंचे नाव विचारून ठेवावे, ही विनंती.