तुसाच्या मागावर

1861-62 साली बिहारमध्ये सुलतानगंजला रेल्वेचं काम चालू असताना जमिनीखालून तांब्याचा बुद्ध निघाला. उंची सुमारे 2.3 मीटर, वजन 500 किलोंच्या वर. मूर्ती गेली बर्मिंगहॅमला आणि आजही तिथेच आहे. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीतले राजेंद्रलाल मित्र यांनी मात्र 1864 मध्येच सुलतानगंजच्या अवशेषांवर लेख लिहून हा शोध अभ्यासकांपुढे मांडला. मूर्तीच्या पोटातला गाभा होता वाळू, माती, कोळसा आणि भाताचं तूस यांचा. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे तूस.

पण अभ्यासकांनी आधी धातू तपासला. 1917 मध्ये पुरातत्त्व खात्याची रसायन प्रयोगशाळा कोलकात्याच्याच इंडियन म्युझियममध्ये सुरू झाली. चारपाच वर्षांत ती डेहराडूनला हलली. खात्याचे रसायनतज्ज्ञ मोहम्मद सनाउल्लाह यांनी मोहेंजोदडोच्या तांब्या-कांशाचं पृथक्करण केलं आणि ते जॉन मार्शल यांच्या मोहेंजोदडोवरच्या 1931 च्या ग्रंथात छापून आलं. कथील किती, आर्सेनिक किती, हे आता आकड्यांत बोलता येऊ लागलं. आपल्या दायमाबादच्या, 1974 साली सापडलेल्या धातूच्या रथ-हत्तींचा काळ ठरवतानाही धातूतल्या 1 टक्क्याहून जास्त आर्सेनिकवरूनच वाद पेटला.

पण आकड्यांवरून मूर्ती घडली कशी ते कळत नाही. ते उलगडायला 1936 साली कोलकात्यातच मोठी मदत झाली. सरसीकुमार सरस्वती यांनी ‘मानसोल्लासा’तला धातुमूर्ती ओतण्याचा भाग इंग्रजीत आणला. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा हा 1129 सालचा ग्रंथ. मराठी पदंही जपणारा, म्हणून आपल्याला जवळचा. त्यात मेणाच्या मूर्तीवर मातीचे तीन लेप द्यायला सांगितलेत. मातीत जळकं तूस, बारीक कातरलेला कापूस आणि मीठ घालून ती पाट्यावर वाटायची. पहिला लेप अगदी पातळ, सावलीत वाळवायचा, शेवटचा जाड. मूर्ती चांदीची असेल तर मेणाच्या 12 पट चांदी घ्यायची. मेण वितळवून काढल्यावर रिकामी झालेली जागा भरायला खरं तर सुमारे 11 पट पुरते. उरलेला धातू ओतायच्या नळीत राहतो. हा हिशेब तराजू हाती धरणाऱ्या ओताऱ्याचाच असणार, याविषयी मला शंका नाही.

तुसाचं कामही तितकंच नेमकं. साच्याच्या मातीतलं तूस भट्टीत जळलं की तिथे बारीक छिद्रं राहतात, त्यांतून वायू निसटतो. नाहीतर ओतकामात फोड येतात.

शिल्पकार मीरा मुखर्जी मूर्ती घडते कशी या प्रश्नाकडे प्रयोगशाळेतून नव्हे, भट्टीवरून गेल्या. बस्तरच्या ओताऱ्यांकडे बसून त्या काम शिकल्या, देशभरच्या धातुकारागिरांना भेटल्या आणि 1978 मध्ये त्यांचा अभ्यास कोलकात्याहून मानवशास्त्र सर्वेक्षणाने छापला. कारागिरांच्या हातची कृती इतक्या आस्थेने टिपलेली क्वचितच दिसते. कोलकात्याहून बर्दवानकडे गेलं की दरियापूरचे डोकरा पद्धतीने धातू ओतणारे कारागीर आजही साच्याच्या मातीत भाताचं तूस मळताना दिसतात.