कार्ड आहे, पण महिन्याच्या गोळ्यांचे काय?

बीपी-शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या की घरखर्चात एक हप्ता वाढतो आणि तो कधी फिटत नाही. जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्यांत हातावर पोट असलेली माणसे काम मिळाले त्या आठवड्यात गोळ्या घेतात, नाही मिळाले की बंद करतात. ‘कार्ड काढलंय ना’ हा दिलासा असतोच. गैरसमज तिथेच आहे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांसाठी आहे. २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावाने ती पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते; जळगावला ती २०१३ मध्ये पोहोचली. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे आणि पांढरे रेशनकार्डही चालते. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कॅन्सर यांसाठी ती मोठा आधार आहे. पण सुटीनंतर औषधे मिळतात दहा दिवसांची. अकराव्या दिवशी खिसा तुमचाच.

म्हणून रोजच्या गोळ्यांसाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन यांसारख्या नेहमीच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. साठा संपला असेल तर पुन्हा कधी येणार ते विचारून या, रागावून घरी बसू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. मेख अशी की जळगावचे जुने सिव्हिल आणि धुळ्याचे भाऊसाहेब हिरे ही आता वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. त्यांचे खाते वेगळे, म्हणून तिथे पावती फाडावी लागते. पिवळे कार्ड असेल तर खिडकीवर दाखवा आणि सवलत मागा.

बाहेरून घ्यायचेच असेल तर जनऔषधी केंद्र पाहा. तेच औषध तिथे बहुधा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य लिहावे, असा वैद्यकीय परिषदेचा नियमच आहे. तेव्हा ‘साहेब, जेनेरिक नाव लिहून द्या’ म्हणताना संकोच नको. जुनी स्ट्रिप सोबत न्या आणि मिलिग्रॅम जुळवून घ्या. फिट्सच्या गोळीची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

एमआयडीसीतल्या कामगारांनी आपली पगारपत्रक एकदा नीट वाचावे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि ईएसआयची कपात होत असेल, तर तुम्हाला आणि घरच्यांना बाह्यरुग्ण तपासणी व औषधेसुद्धा मिळतात. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, प्रा. आडारकरांकडे या विम्याचा आराखडा सोपवला गेला. त्यातूनच १९४८ चा कायदा झाला. ठेकेदाराकडचे कितीतरी जण कपात सोसतात, पण आपला ईएसआय नंबर त्यांना ठाऊक नसतो. तो मागून घ्या.

घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड निघते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीच्या दरात राखीव असतात. दाखल होतानाच उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड द्या, बिल झाल्यावर नाही.

आणि नव्या सुनेचे, बाळाचे नाव रेशनकार्डावर चढले का, ते याच महिन्यात पाहून घ्या. योजनेबाबत अडले तर १५५३८८ या क्रमांकावर फोन करा.